तगर एवढं मोठं शहर होतं, मग तेर एवढंसं कसं राहिलं?

मांजराकाठ (लातूर):
चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला आम्ही तेरला, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या तगरला गेलो होतो. तिथलं संग्रहालय बघून नववीतली लेक विचारत होती, "आई, इथला माल रोमपर्यंत जायचा, तर तेरणेतून होड्या चालायच्या का? आणि नदी आटली म्हणून शहर मोडलं का?" मला काही सांगता येईना. तिकडचं कुणी आहे का इथं?

पांढरीवरचा:
ताई, मी तेरचाच. होड्या नव्हत्या. तेरणा म्हणजे मांजरेला मिळणारी नदी, पावसाळ्यात दुथडी आणि उन्हाळ्यात नुसती वाळू. माल जायचा गाड्यांनी, आणि त्याला लेखी पुरावा आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात गुजरातेतल्या भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा हिशेब दिलाय. वाटा बिकट, तरी गाड्या भरून माल भडोचच्या बंदरात यायचा. पैठणचे अकीकाचे खडे, तगरचं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल.

हे तगर कुठलं यावर पूर्वी वाद होता. कुणी जुन्नर म्हणे, कुणी धारूर. १९०१ साली फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं ते तेरच असल्याचं मांडलं, आणि १९५८ साली पुरातत्त्व अभ्यासक चापेकरांनी इथं उत्खनन केलं.

पण आमच्या गावाला हे पुस्तकातून कळलं नाही. आमचं घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. पावसाळ्याआधी गळती लागू नये म्हणून पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती आणून वर पसरायची. ती माती चाळली की चाळणीत हमखास काहीतरी राहायचं: शंखाच्या बांगडीचा तुकडा, गारेचा मणी, कधी पांढऱ्या मातीच्या बाहुलीचं नुसतं डोकं, केसांची वळणं अजून शाबूत. असल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमवल्या. लोक ज्याला खापऱ्या म्हणत, त्यांचं मोल त्या माणसानं ओळखलं. त्यांचा संग्रह म्हणजेच आजचं संग्रहालय. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती लेकीला दाखवली का? तशाच घडणीची एक १९३८ साली इटलीत पाँपेईला निघाली, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखालून.

आता शहर ओसरलं का, ते सांगतो. तगर मोठं झालं ते वाटेमुळं. तिसऱ्या शतकात सातवाहनांचं राज्य गेलं, समुद्रापलीकडचं गिऱ्हाईक कमी झालं, मग एवढ्या लांब गाड्या हाकणं परवडेना. तेरणेचं पाणी आणि काठची काळी जमीन मात्र जागच्या जागी होती, म्हणून वस्ती मोडली नाही. उत्तरेश्वराचं विटांचं देऊळ त्यानंतरचंच आहे. पुढं कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. राज्य ठाण्याला नाहीतर पन्हाळ्याला, आणि मिरवायचं नाव आमच्या गावाचं! तेराव्या शतकात गोरोबाकाका इथंच चाकावर बसले. थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ती गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. म्हणून तेर 'संपलं' असं कुणी लिहिलं की मला राग येतो.

बार्शीलाईन:
यात एक भर. नंतरची पेठही वाटेनंच हलवली. बार्शी लाईट रेल्वे १८९७ ला बार्शीपर्यंत आली आणि १९११ ला लातूरला पोचली. स्टेशन ढोकीला. आडत, जिनिंग, मोंढा सगळं बार्शीत आणि लातुरात वाढलं. आजोबा सांगायचे, तेरच्या भागातला माल ढोकीला डब्यात चढायचा.

विटकर:
लेकीला तरंगती वीट दाखवायची राहिली असेल तर परत जा. तेरच्या जुन्या देवळांची वीट पाण्यात टाकली तर बुडत नाही. मातीत तूस कालवून भाजायचे. तूस जळून जातं आणि वीट आतून सच्छिद्र, हलकी होते.

मांजराकाठ (लातूर):
वीट बघितलीच नाही! यात्रेत गर्दी फार होती. परत जायचं तर कसं बघावं?

पांढरीवरचा:
यात्रा सोडून साध्या दिवशी या. आधी संग्रहालय, तिथं उत्तरेश्वराची कोरीव लाकडी चौकट निवांत बघा. मग त्रिविक्रमाला. दर्शन झालं की देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत गोल वळलेली आहे आणि वरचं छत विटांचं, गजपृष्ठी, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं. ही घडण बौद्ध चैत्यगृहाची, म्हणजे प्रार्थनास्थळाची, म्हणून मुळात ते चैत्यच असावं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. लेकीला कार्ल्याच्या लेण्याचं चित्र सोबत आणायला सांगा, तिचं तिलाच कळेल.

आणि ताई, पांढरीवर एखादा मणी दिसला तर खिशात घालू देऊ नका. अलीकडं बाहेरची माणसं येऊन नाणी-मणी विकत घेऊन जातात, त्यानं जीव जळतो. वस्तू संग्रहालयात द्यायची आणि कुठं मिळाली ती जागाही सांगायची. जागा कळली तरच ती कोणत्या काळातली हे ठरवता येतं.