डिस्क ४ एमबी घेते म्हणते, मग ओएस मधे का पडतंय?

उद्यमनगरकर:
राजारामपुरीतल्या एका स्टुडिओचा सर्व्हर मी बघतो, चार जण त्यावरनं लग्नाचं फोरके फुटेज एडिट करतात. सॉफ्टवेअर एका दमात ४ एमबी लिहायला देतंय आणि लिनक्स (सर्व्हरची ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम) त्याचे तुकडे पाडतंय, १२८० केबीचे तीन आणि मागं २५६ केबीचं शेपूट. मॅक्स_एचडब्ल्यू_सेक्टर्स_केबी (हार्डवेअरला एका रिक्वेस्टमध्ये किती केबी झेपतात तो आकडा) मध्ये कंट्रोलरनं, म्हणजे डिस्का सांभाळणाऱ्या हार्डवेअरनं, ४०९६ सांगितलंय, तरी मॅक्स_सेक्टर्स_केबी (लिनक्स एका रिक्वेस्टमध्ये किती पाठवतंय ती मर्यादा) १२८० वरच. हार्डवेअर झेपतंय म्हणतंय तर त्याला झेपेल तेवढं द्या की.

कळंबारोड:
नाही पटत भावा. एसएटीएच्या (डिस्क जोडायच्या पद्धतीच्या) ४८ बिट अ‍ॅड्रेसिंगमध्ये एका कमांडला ५१२ बाइटचे ६५५३६ सेक्टर मागता येतात, म्हणजे ३२ एमबी. फिरती डिस्क सेकंदाला दीडदोनशे एमबी देते, म्हणजे एका कमांडसाठी हेड सेकंदाचा पाचवा-सहावा भाग अडकलं, आणि तेवढा वेळ दुसऱ्याचं ४ केबीचं रीड ताटकळत. गळीत हंगामात उसाचा डबल ट्रॉली ट्रॅक्टर पुढं असला की मागच्या मोटरसायलीचं होतंय तसंच. तुझ्यात चार जण एकाच डिस्कवर आहेत म्हणतोस, मग तुलाच ही मर्यादा पाहिजे.

उद्यमनगरकर:
३२ कोण मागतंय, मी ४ म्हणतोय. आणि १२८० हा आकडा आला कुठनं बघ, १२८ केबी चंकच्या (एका डिस्कवर सलग पडणाऱ्या तुकड्याच्या) दहा डेटा डिस्कांचा रेड, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्का, धरून काढलाय तो. माझ्यात सहा डेटा डिस्क, चंक ५१२, अख्खा स्ट्राइप, म्हणजे सहाही डिस्कांवरचा एकेक चंक मिळून, ३ एमबीचा. एका रिक्वेस्टमध्ये तो भरतच नाही, मग पॅरिटीसाठी (डिस्क गेली तर डेटा परत काढायला ठेवलेल्या हिशोबासाठी) जुनं वाचा नाहीतर कंट्रोलरच्या कॅशवर भिस्त ठेवा. दुसऱ्याच्या रेडचं माप मला कशाला?

पंचगंगाकाठ:
"हार्डवेअर झेपतंय म्हणतंय" यावरच माझा विश्वास नाही. यूएसबीवर डिस्क लावायचे कितीतरी डबे कागदावर सगळं घेतात आणि मोठी रिक्वेस्ट आली की मान टाकतात, म्हणून तर लिनक्सच्या यूएसबी ड्रायव्हरनं जुन्या यूएसबीला २४० सेक्टर, म्हणजे १२० केबीच ठेवलंय. डेटा गेल्यावर लग्न परत लावणार आहेत का लोक?

ताई_सिस्टिमवाली:
दादा, यूएसबीच्या डब्याचा नियम रेड कंट्रोलरला लावू नका. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ओएसमध्ये मॅक्सफिज (एका रिक्वेस्टची कमाल मर्यादा) वर्षानुवर्षं १२८ केबी होतं आणि वाढवायचं तर कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, परत बिल्ड करा, २०२१ ला १३.० आलं तेव्हा कुठं ६४ बिटवर १ एमबी झालं आणि बूटला बदलता यायला लागलं. लिनक्समध्ये तर चालू मशीनवर बदलतंय. डीफॉल्ट सांभाळूनच असावा, कर्नलला तुमचा रेड कसा माहीत असणार? पण डिस्क ज्याच्या ताब्यात आहे त्यानं तो तसाच ठेवायचा हे मला मान्य नाही.

कळंबारोड:
बदल मग, पण फक्त त्या रेडचा, बूट डिस्कला हात लावू नको. ३०७२ ठेव, ४०९६ नको, तुझा स्ट्राइप तेवढाच आहे. आणि चौघं कामाला बसल्यावर आयोस्टॅट (डिस्कचं काम मोजायची कमांड) लावून रीडचा वेटिंग टाइम बघ, नुसता एमबीचा आकडा बघून खूश होऊ नको.

उद्यमनगरकर:
३०७२ चं पटलं. पण कंट्रोलर स्वतःचा स्ट्राइप सांगत असेल तर ओएसनं तो विचारून घ्यावा, हे माझं म्हणणं मी सोडणार नाही.