आईने विणलेले १२८ ग्रॅनी स्क्वेअर जोडायचेत, सुईने शिवू की क्रोशाने?

सांगलीची_चिमणी

नमस्कार मंडळी, इथल्या चर्चांमधले विणकामाचे जुने धागे चाळले पण मला हवं ते नेमकं मिळालं नाही म्हणून नवीन धागा काढतेय.

माझी आई ७६ वर्षांची, सांगलीला असते. आयुष्यभर क्रोशाकाम केलंय, तोरणं, ताटावरचे रुमाल, आमच्या सगळ्यांच्या पोरांची दुपटी. आता बोटांचे सांधे दुखतात, एक ग्रॅनी स्क्वेअर (मधून बाहेर फेऱ्या घालत विणायचा क्रोशाचा चौकोन) हातात मावतो म्हणून तेवढा ती रोज दुपारी बसून करते, पण जोडकाम करायचं तर सगळं ओझं मांडीवर घेऊन बसावं लागतं ते तिला झेपत नाही. दोन वर्षांत १२८ चौकोन झालेत. मागच्या रविवारी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "एक पांघरूण कर आणि उरले तर उशांचे अभ्रे कर, पण शिवण दिसता कामा नये."

मला क्रोशातलं साखळी, मुका खांब (बुटका टाका) आणि खांब (उंच टाका) एवढंच येतं. अडचणी अशा,
सगळे चौकोन पाच फेऱ्यांचे आहेत पण मोजले तर काही पावणेपाच इंच भरतात, काही सव्वापाच. जुनी उरलेली लोकर वापरलीय, बरीचशी अ‍ॅक्रिलिक, जाडी जवळपास सारखी. रंग तर काही विचारूच नका, चटणीपासून मोरपिशीपर्यंत सगळे. आणि प्रत्येकाला दोन-तीन दोऱ्यांची टोकं लोंबतायत.

जोडायचं कसं, आधी इस्त्री करायची का, कुशनला मागून काय लावायचं? कृपया नीट सांगा, तिचं काम माझ्या हातून बिघडायला नको.

सुईदोरा

चिमणी, आधी एक कर, इस्त्री लांब ठेव!! अ‍ॅक्रिलिकला गरम इस्त्री टेकली की लोकर चपटी होते, चकाकते आणि लुळी पडते, ती परत कधीच फुलत नाही. चौकोन उशीवर नाहीतर जुन्या गादीवर टाचण्यांनी ताणून बसव, वाफेची इस्त्री इंचभर वर धरून नुसती वाफ दे आणि गार होईपर्यंत टाचण्या काढू नको. खरी लोकर असती तर ओली करून ताणून वाळवली असती, अ‍ॅक्रिलिक पाण्याने तेवढं ऐकत नाही.

पण माझं मत विचारशील तर १२८ चौकोन वाफवत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकाच रंगाची एक जादा फेरी घाल. मापातला फरक तिथेच निघून जातो आणि चटणी मोरपिशी सगळे एका घरातले दिसायला लागतात.

जाईजुई

+१ जादा फेरीला. मी साय रंगाची घातली होती, पांढरीशुभ्र घेऊ नका, जुन्या रंगांपुढे ती फारच डोळ्यात येते.

एडिनबरा_काकू

अगं किती छान, १२८! मी गेली बरीच वर्षं इकडे स्कॉटलंडमध्ये आहे आणि हिवाळ्यात हेच करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, इंच मोजू नकोस, टाके मोज. पाच फेऱ्यांचा ग्रॅनी असेल तर एका बाजूला तीन-तीन खांबांचे पाच गट म्हणजे १५ खांब यायला हवेत. सगळ्यांना १५ आहेत ना हे बघ, एखाद्याला १२ निघाले तर तो चार फेऱ्यांचा आहे, त्याला आधी खांबांची एक फेरी घाल. टाके सारखे असले की अर्ध्या इंचाचा फरक असला तरी घाबरायचं कारण नाही. मग मुक्या खांबांची फेरी, १५ खांबांवर १५ मुके, गटांच्या मधल्या जागा सोडून द्यायच्या, आणि कोपऱ्यात एक मुका, दोन साखळ्या, एक मुका. म्हणजे प्रत्येक बाजूला १७ टाके झाले. आता खुबी अशी की जे चौकोन लहान आहेत त्यांना ही फेरी क्रोशाच्या जाड सुईने घाल, साडेचार मिमी वगैरे, आणि जे मोठे आहेत त्यांना साडेतीनच्या सुईने जरा घट्ट. टाके तेवढेच राहतात पण मापं एकमेकांच्या जवळ येतात. ही फेरी घालताना लोंबणारी टोकं टाक्यांच्या पोटात घेत जा, आणि शेवटी जाड बोथट सुईने एकदा उलट दिशेला ओवून मग काप. नुसती पोटात घेतलेली टोकं अ‍ॅक्रिलिकमधून धुताना सटकतात.

दुसरं, व्हिडिओ बघून करणार असशील तर बोलणारी बाई अमेरिकेची आहे की ब्रिटनची ते आधी बघ. आपला मुका खांब म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे, त्यालाच इथे डबल क्रोशे म्हणतात. आपला खांब तो अमेरिकेत डबल आणि इथे ट्रेबल. इथे आल्यावर पहिलं वर्षभर मी या नावांवरून सारखी उसवत होते.

रत्नांग्रीकर

काकूंनी फेरीचं सांगितलंच आहे, मी जोडणीचं सांगते. तुमच्या आईंना शिवण दिसायला नको आहे ना, मग क्रोशाने नाही, सुईनेच.

दोन चौकोन सुलट बाजू वर करून टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे, एकावर एक नाही. प्रत्येक टाक्याला वर दोन दोरे दिसतात त्यातला बाहेरच्या कडेचा म्हणजे जोडाच्या बाजूचा एकच दोरा उचलायचा, या चौकोनाचा एक, समोरचा एक, असं आळीपाळीने. चार-पाच टाके सैल घेऊन मग दोरा हलकेच ओढला की शिवण आत बुडते. जोरात ओढायचं नाही, शिवणीला लोकरीइतकाच ताण बसला पाहिजे, नाहीतर पांघरूण गोळा होतं आणि धुतल्यावर ते जास्तच दिसतं.

आणि शिवायला फेरीचीच लोकर घ्या. माझ्या वहिनीने मजबूत म्हणून सुती दोऱ्याने जोडलं होतं, अ‍ॅक्रिलिक ताणलं जायचं आणि सुती दोरा जागचा हलायचा नाही, वर्षभरात शिवणीजवळचे टाके फाटायला लागले.

लोकरीचा_गुंडा

मला हे पटत नाही. शिवण लपवायचीच कशाला? सुलट बाजूंना आतून जोडलं तर वर काहीच दिसत नाही हे खरं, पण मुक्या खांबाने वरून जोडलं की जी उठावदार चौकट येते तीच तर ग्रॅनीची शोभा आहे, शिवाय ताकद दुप्पट. कुशनवर तर ती फारच छान दिसते. पांघरुणाला त्या रेघा अंगाखाली टोचतात म्हणाल तर तिथे स्लिप स्टिचने (सगळ्यात बुटका टाका) चपटं जोडा, क्रोशाची सुई एका नंबराने मोठी घेऊन, नाहीतर ते ताठ होतं. लोकरही मुक्या खांबापेक्षा कमी लागते. आणि चूक झाली तर क्रोशाचा जोड सर्रकन उसवता येतो, सुईचा उसवून बघा म्हणजे कळेल.

रत्नांग्रीकर

@लोकरीचा_गुंडा, शोभा कशात ते ज्याच्या त्याच्या डोळ्यावर, पण इथे ज्यांनी दोन वर्षं चौकोन केले त्यांनी स्वतः सांगितलंय ना की शिवण नको. त्यांचं ऐकायला हवं असं मला मनापासून वाटतं. उसवण्याचं मात्र बरोबर आहे तुमचं.

सांगलीची_चिमणी

सगळ्यांचे खूप आभार, टाके मोजले, १२८ पैकी सात चौकोन चार फेऱ्यांचे निघाले! व्हिडिओमध्ये जोडता जोडता विणायची एक पद्धत दाखवतात ती कशी आहे? आणि किती लोकर आणू, हिशोब कसा करायचा?

सुईदोरा

ती पद्धत चांगली आहे, शेवटची फेरी घालतानाच कोपऱ्यातली आणि बाजूची साखळी शेजारच्या चौकोनात अडकवत जायची, वेगळी शिवण उरतच नाही. पण त्यात पहिल्या ओळीनंतर आख्खं पांघरूण मांडीवर येतं आणि मध्येच रंग बदलावासा वाटला तर काही करता येत नाही. तू नवीन आहेस, सगळे चौकोन आधी पुरे कर आणि मग जोड.

लोकरीचं सोपं आहे, एका चौकोनाला फेरी घाल, उसव, दोरा मोज. माझा अंदाज दोन मीटरच्या आसपास येईल. त्याला १२८ ने गुण, शिवायला आणि बाहेरच्या काठाला म्हणून त्यावर निम्मं धर. लागणारी सगळी लोकर एकदमच घेऊन टाक आणि प्रत्येक लडीच्या पट्टीवरचा लॉट नंबर सारखा आहे ना ते दुकानातच बघ. वेगळ्या लॉटचा साय रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सारखाच दिसतो, घरी उन्हात धरला की पिवळट. पुण्याला जाणं होत असेल तर तुळशीबागेत मिळेल, ठाण्या-मुंबईकडचं कोणीतरी सांगा.

जाईजुई

मांडणीबद्दल कोणी बोललंच नाही! १० आडवे ११ उभे केले तर ११० लागतात, उरले १८, म्हणजे नऊ-नऊचे दोन अभ्रे, बरोब्बर बसतंय. फेरीनंतर चौकोन सव्वापाच इंचाचा धरला तर पांघरूण काठाशिवाय साडेबावन्न बाय पावणेअठ्ठावन्न इंच होईल. पलंगभर नाही पण दुपारी सोफ्यावर पाय झाकून बसायला मस्त.

सगळे पलंगावर मांडायचे, फोटो काढायचा आणि तो मोबाईलमध्ये काळापांढरा करून बघायचा. रंगात बघताना लक्षात येत नाही पण काळ्यापांढऱ्यात सगळे गडद चौकोन एका कोपऱ्यात जमलेत का ते चटकन दिसतं. दोन दिवस तसंच ठेवा, येताजाता बघा, हलवा. मग एकेक ओळ उचलून गठ्ठा करायचा, सेफ्टी पिनमध्ये ओळीचा नंबर घातलेली चिठ्ठी अडकवायची.

जोडताना आधी सगळ्या आडव्या शिवणी घालायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उभ्या. १० आडव्या आणि ९ उभ्या, एकूण १९ शिवणी होतात, एकेक करून दोन जोडायचे असं करत बसलात तर शंभरदा गाठी माराव्या लागतील. दोन शिवणी एकमेकींना छेदतात तिथे कोपऱ्यातल्या साखळीतून दोरा दोनदा घ्या, नाहीतर नेमकं तिथेच भोक पडतं.

एडिनबरा_काकू

जाईजुई, सुरेख! चिमणी, एक सुचवू का. पांघरूण तू कर, पण अभ्र्यांचे ते नऊ-नऊ चौकोन आईलाच जोडू दे. नऊ चौकोनांचं वजन ते काय, टेबलावर ठेवून दिवसाला एक शिवण घातली तरी चार दिवसांत एक अभ्रा. जाड मुठीच्या क्रोशाच्या सुया मिळतात बघ, रबराची मूठ असलेल्या, दुखऱ्या बोटांना त्या खूप बऱ्या पडतात. तिला शिवण कशी हवी आहे तेही त्यातून तुला समोर बघायला मिळेल.

पुणे३०

कुशनच्या मागच्या बाजूबद्दल. मागे पण क्रोशाच केलं तर अजून १८ चौकोन लागतील, कापड लावा. मी खणाचं लावलं, फार सुंदर दिसतं, पण आधी दोनदा मीठाच्या पाण्यातून काढून रंग जातो का ते बघा, लाल आणि जांभळा हमखास जातो. १६ इंची कुशनला मागे दोन तुकडे घ्या, शिवल्यावर प्रत्येकी १६ बाय १० भरले पाहिजेत, एकमेकांवर चार इंच चढवायचे, चेन लावायची गरज पडत नाही. कुशनला आत एक साधा एकरंगी अभ्रा घाला, ग्रॅनीच्या भोकांतून कुशनचं पांढरं कापड दिसतं ते बरं नाही दिसत. क्रोशा कापडाला मशीनवर शिवू नका, पायाखाली ताणून वेडंवाकडं होतं. कापडाची उशी आधी शिवून घ्या आणि क्रोशाचा पुढचा भाग तिच्यावर हाताने बारीक टाक्यांनी चारी बाजूंनी बसवा. १६ इंची कुशनला क्रोशाचा भाग पावणेसोळाच राहू दे, कुशन भरलेलं दिसतं.

जाईजुई

धुण्याचं राहिलं. उशीच्या मोठ्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून मशीनमध्ये गार पाण्यात. दोरीवर टांगायचं नाही! ओलं पांघरूण स्वतःच्या वजनाने लांबतं. खाटेवर नाहीतर चटईवर पसरून सावलीत.

विणकामवाल्यांसाठी एक आठवलं, २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत देशभरातल्या बायकांनी पाठवलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशे ब्लँकेट झालं होतं, गिनेसमध्ये नोंद आहे. एकेक तुकडा ४० इंचाचा होता. तेही आधी विणून मग जोडलेलंच होतं, १९ शिवणींना अजिबात घाबरू नका.

सांगलीची_चिमणी

मंडळी, सात आठवड्यांनी लिहितेय. फेऱ्या घालायलाच पाच आठवडे गेले, रोज रात्री तीन-चार चौकोन. सव्वापाचच्या आसपास सगळे आले, जास्तीत जास्त दोराभर फरक. रत्नांग्रीकरांनी सांगितलं तशीच शिवण घातली, दोरा हाताच्या दीडपटीपेक्षा लांब घेतला की मध्ये गुंता होतो आणि लोकर पिंजते हे दुसऱ्याच ओळीत कळलं.

काकू, अभ्र्यांचे चौकोन आईकडे दिले. तिने चार दिवस नाही घेतले, दोन्ही मिळून पंधरा दिवस लागले, पण तिने केले. एका अभ्र्याला तिने मुक्या खांबाने वरून चौकट घातलीय, म्हणाली कुशनवर असंच शोभतं!! @लोकरीचा_गुंडा तुम्हाला सांगायलाच हवं होतं.

काल पांघरूण तिच्या पलंगावर पसरलं. तिने दोन्ही हातांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपलं, शिवण सापडते का बघत होती. काही बोलली नाही. मग सातव्या ओळीत बोट ठेवून म्हणाली, "हा उलटा लागलाय." खरंच, एक मोरपिशी चौकोन उलट बाजू वर करून लागलाय आणि ती म्हणते काढून परत लाव. आता चारी बाजूंनी जोडलेला मधलाच एक चौकोन बाकीच्यांना धक्का न लावता कसा काढायचा?

रत्नांग्रीकर

निघतो, काळजी करू नका. त्या चौकोनाच्या प्रत्येक बाजूच्या मधोमध शिवणीचा दोरा एके ठिकाणी कापा, म्हणजे चार बाजूंना चार काप. प्रत्येक कापापासून सुईच्या नाकाने दोन्हीकडे कोपऱ्यापर्यंत उसवत जा, कोपरे उसवू नका, तिथून शेजारच्या शिवणी सुरू होतात. कोपऱ्यात तुमच्या चौकोनाची साखळी तेवढी दोऱ्यातून सोडवायची, ती अडली तर मोरपिशीचीच साखळी कापा, दोरा नको, फेरी काय परत घालता येते. सुटलेली टोकं मागे ओवून पक्की करा. मग सुलट करून नवीन दोऱ्याने एका कोपऱ्यापासून सलग चारी बाजू. अर्ध्या तासाचं काम आहे, दिवसाउजेडी करा.

आणि आईंना सांगा, इथून नमस्कार कळवलाय.