समुद्राकाठच्या पथनाट्यातले संवाद मागच्या प्रेक्षकांपर्यंत कसे पोहोचवावेत?

प्रश्न : आमच्या महोत्सवात गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळी वाळूवर, ध्वनिवर्धकाशिवाय केलेल्या पथनाट्यातले संवाद तिसऱ्या रांगेपलीकडे ऐकूच गेले नाहीत. शिवाय चामड्याच्या वाद्यांचा सूर तासाभरात उतरला. काय चुकले असावे?

उत्तर १ : उन्हाळ्यात दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, त्यामुळे वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वर वळतो आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून निघून जातो. प्रेक्षक पाण्याच्या बाजूला बसले असतील, तर तुमच्या नटांनी कितीही ताण दिला तरी उपयोग नव्हता. नटांनी समुद्राकडे पाठ करावी. मात्र मग लाटांची गाजही त्यांच्याच मागून येते, म्हणून मला स्वतःला दोन भिंतींमधली गल्ली वाळूपेक्षा कितीतरी बरी वाटते. तिथे कुजबुजसुद्धा जिवंत राहते.

उत्तर २ : भरतीचे वेळापत्रकही पाहावे. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, त्यामुळे पहिल्या दिवशी मोकळी असलेली वाळू शेवटच्या दिवशी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. चामडे दमट हवेतला ओलावा शोषून सैल पडते. वाद्ये प्रयोगाआधी अर्धा तास त्याच हवेत ठेवून मगच सुरात लावावीत, आणि मध्यंतरात पुन्हा टिचकी मारून पाहावे.

प्रश्नकर्ती : प्रेक्षक पाण्याच्याच बाजूला बसले होते. यंदा तालमीच गल्लीत घेऊ.