महासंचालक कोण, याने खरंच फरक पडत नाही?

सातारकर:
काल इथे एकाने लिहिलं, ‘पोलीस महासंचालक हे शोभेचं पद. आपला संबंध ठाण्यातल्या पीआयशी (पोलीस निरीक्षकाशी), वर कोण बसलंय याने काय फरक पडतो?’ वाचून डोकंच सणकलं. अहो, तो पीआय त्या खुर्चीत किती दिवस टिकणार हे वरच ठरतं ना? सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं: यूपीएससीने काढलेल्या तीन नावांतून प्रमुख नेमा, किमान दोन वर्षं द्या, खालच्या बदल्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या आस्थापना मंडळावर सोपवा. २०१८मध्ये पुन्हा बजावलं, प्रभारी म्हणजे तात्पुरता प्रमुख नेमू नका. तरी २०२१च्या एप्रिलपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे महाराष्ट्रात संजय पांडे प्रभारीच! प्रकरण हायकोर्टात गेल्यावर रजनीश सेठ आले. उद्याची शाश्वती नसलेला अधिकारी आमदाराच्या फोनला नाही कसा म्हणणार?

चिपळूणकर:
ते मीच लिहिलं होतं आणि अजून तेच म्हणतो. आईची चेन खेचली गेली. ठाण्यात अंमलदार मान वर न करता म्हणाला, ‘साधा अर्ज द्या, चौकशी करू.’ चेन खेचण्यासारख्या दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर घ्यावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ललिताकुमारी निकालात २०१३लाच ठरलंय. तेव्हा वर पूर्ण मुदतीचे महासंचालक होते. आईला काय मिळालं?

हवालदाराची लेक:
एफआयआर घ्यायलाच हवा होता. पण तो अंमलदार किती तास ड्युटीवर होता हे विचारलंत? गणपतीत बाबा फक्त कपडे बदलायला घरी यायचे. बूट काढले की पायाला मोज्याचे वळ आणि आईने दिलेला डबा तसाच आंबलेला. आठ तासांची ड्युटी २०१६मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात सुरू झाली, दत्ता पडसलगीकर तिथले पोलीस आयुक्त असताना. सूचना एका शिपायाची, पण वरच्याने ऐकली म्हणून झालं. २०२२मध्ये महिला पोलिसांना आठ तास करण्याचा आदेश पांडेंनी काढला. आणि म्हणे शोभेचं पद!

चिपळूणकर:
म्हणजे प्रभारीनेच केलं की! मग सातारकरांचा दोन वर्षांचा हट्ट कशाला? आणि ताई, थकवा समजतो. माझी बहीण नर्स आहे, तीही डबल ड्युटी करते. पेशंटला हाकलून देत नाही.

हवालदाराची लेक:
नर्सवर जमाव दगड घेऊन धावून येतो तेव्हा तिने रांग सोडायची नसते का? तुलना करताना जरा विचार करा. बाबांच्या कपाळावर सहा टाके आहेत.

सातारकर:
दोघंही जरा दमानं घ्या. चिपळूणकर, आदेश काढायला एक दिवस पुरतो. तो प्रत्येक ठाण्यात चालतोय का, मनुष्यबळ कुठून आणायचं, हे बघायला दोन वर्षंही कमीच. जबाबदारीचंही तसंच. जुलै २०२२मध्ये जपानच्या नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबेंवर गोळी झाडली गेली. पुढच्याच महिन्यात जपानच्या राष्ट्रीय पोलीस प्रमुखांनी, इतारू नाकामुरांनी, सुरक्षेतल्या त्रुटींची जबाबदारी घेऊन राजीनामा जाहीर केला. तिथे तर गोळी थांबवायची ड्युटी त्यांची स्वतःची नव्हती.

ठाणेकर:
जपान राहू द्या. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या २०१४च्या दुरुस्तीत आस्थापना मंडळं आली, पण ‘जनहितार्थ’ मुदतपूर्व बदलीची वाट कलम २२-नमध्ये ठेवलीच. महासंचालक दोन वर्षं बसला तरी खालचा अधिकारी मंत्रालयातूनच हलणार असेल, तर सातारकर, तुमचा मुद्दाही अर्धाच.

चिपळूणकर:
हे मात्र पटलं. पद शोभेचं नाही, शोभेचं करून ठेवलंय, एवढं मान्य. पण आईच्या चेनचा एफआयआर अजून नोंदलेला नाही, आणि त्याचा जाब मी त्या पीआयलाच विचारणार.