मदत हवी आहे: आईच्या टाचेवरच्या काळ्या डागाची बायोप्सी

नमस्कार. आईच्या डाव्या टाचेवर वर्षभरापासून काळपट डाग आहे. आधी पेन्सिलीच्या टोकाएवढा होता. आता कडा वेड्यावाकड्या झाल्यात, एका बाजूला तपकिरी, मध्ये गडद काळा. चपलेने घासलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं, याची फार रुखरुख लागली आहे.

त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, पाहिलं. कातडीच्या उंचवट्यांवरून रंगाच्या समांतर रेषा दिसतात म्हणाले. ॲक्रल मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाची, शंका आहे. त्वचेचा कर्करोग उन्हानेच होतो असं मला वाटायचं. पण हा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो, ऊन त्याचं मुख्य कारण नसतं. सावळ्या माणसांना होणाऱ्या मेलानोमात तर याचंच प्रमाण जास्त.

यातून गेलेल्यांना विचारायचंय: बायोप्सीत पूर्ण डाग काढला की तुकडा घेतला? रिपोर्टमध्ये ब्रेस्लो जाडी (कर्करोग त्वचेत किती खोल गेलाय त्याचं माप) लिहून आली का? आणि टाच टेकायला किती दिवस लागले? आई रोज विचारते, "चालता येईल ना गं मला?" मंगळवारी बायोप्सी आहे. त्याआधी कुणी सांगितलं तर फार आधार होईल.