घरच्या मंडळींसोबत डेक-बिल्डिंग: खेळ बदलावा की खेळण्याची पद्धत?

ठाकुरद्वार

नमस्कार. आमच्याकडे गणपतीत रात्र जागवण्यासाठी पत्ते खेळण्याची जुनी रीत आहे. मेंढीकोट, लॅडीस आणि चॅलेंज यांत पहाट होते, आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आत्या रमीत अजूनही कोणाला हार जात नाहीत. या वर्षी मी त्यात ‘हिरो रेल्म्स’ या डेक-बिल्डिंग प्रकारच्या, म्हणजे खेळता खेळता पत्ते विकत घेऊन आपला कॅट घडवत नेण्याच्या खेळाची भर घातली. ज्यांना तो ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुरुवातीला प्रत्येकाकडे दहा साध्या पत्त्यांचा सारखाच कॅट असतो: सात सोन्याचे, एक माणिक, एक खंजीर आणि एक आखूड तलवार. दर पाळीला पाच पत्ते हातात घ्यायचे, त्यांतल्या सोन्याने मधल्या बाजारात उघडे मांडलेले योद्धे, चोर, राक्षस विकत घ्यायचे आणि शस्त्रांच्या जोरावर समोरच्याचे पन्नास प्राण कमी करत न्यायचे. विकत घेतलेला पत्ता लगेच हातात येत नाही. तो आपल्या टाकलेल्या पत्त्यांत जातो आणि पुन्हा पिसल्यावर कधीतरी उगवतो.

चौघांच्या डावात दोघांनी मिळून आत्यांना लक्ष्य केले, त्यामुळे त्या सर्वांत आधी बाद झाल्या आणि उरलेला वेळ चहाचे बघत बसल्या. पुन्हा बसायला त्या तयार नाहीत. बारा वर्षांची भाची परवडेल तो प्रत्येक पत्ता घेते आणि ‘माझा राक्षस येतच नाही’ म्हणून कुरकुरते. बाबांना इंग्रजी वाचता येते, परंतु बारीक अक्षरातला मजकूर वाचून होईपर्यंत त्यांचा उत्साह मावळतो. शिवाय पत्त्यांवर भुतेखेते कशाला, हा त्यांचा मूळ आक्षेप आहेच. अशा मंडळींसाठी दुसरा खेळ आणावा, की आहे तोच वेगळ्या पद्धतीने खेळावा? आमची खोली लहान आहे, हेही लक्षात घ्यावे.

बदामसात

खेळ बदलण्याची घाई करू नये असे माझे मत आहे, कारण आपण सांगितलेल्या अडचणींपैकी बहुतेक खेळाच्या नसून तो शिकवण्याच्या क्रमाच्या आहेत. आपण सहसा ‘सोने म्हणजे काय, हल्ला म्हणजे काय’ इथपासून सुरुवात करतो आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे आपला कॅट जितका जाड होईल तितका त्यातला चांगला पत्ता दुर्मीळ होतो ही, नवख्या माणसाला तीन-चार डाव हरल्यावर स्वतःहून कळावी अशी अपेक्षा ठेवतो. भाचीला हे पत्ते मांडूनच दाखवावे. दहा पत्त्यांच्या कॅटमधून पाच-पाच उचलले तर प्रत्येक पत्ता दर दुसऱ्या पाळीला हाती येतो. तोच कॅट पंचवीस पत्त्यांचा झाला, तर एकदा येऊन गेलेल्या राक्षसासाठी सरासरी पाच पाळ्या थांबावे लागते. तिचा राक्षस कुठे अडकला आहे, हे तिला लगेच समजेल.

आत्यांच्या बाबतीत तर आपले काम अर्धे झालेलेच आहे, असे मी म्हणेन. जी व्यक्ती रमी उत्तम खेळते तिला काय जमवायचे, काय सोडायचे आणि समोरचा काय उचलतो आहे याचे भान आधीपासून असते. ‘हिरो रेल्म्स’मध्ये चार रंगांच्या चार टोळ्या आहेत, आणि एकाच टोळीचे दोन पत्ते एकाच पाळीत पडले की त्यांतल्या अनेकांचा जादा गुण लागू होतो. चारही रंगांची खिचडी केलेल्या कॅटमध्ये हा योग क्वचितच येतो. दोन रंग धरून राहिले की तो वारंवार येतो. आत्यांना फक्त ‘दोन रंग धरा, बाकीचे सोडा’ एवढेच सांगावे. टोळ्यांची नावे, त्यांचा इतिहास आणि चेटकिणीचे कुळ सांगत बसू नये.

कॅट पातळ ठेवण्यासाठी जुना पत्ता कायमचा काढून टाकणे ही गोष्ट मात्र ज्येष्ठांच्या पचनी पडत नाही, कारण हातातले सोने फेकून देणे त्यांना उधळपट्टी वाटते. त्यासाठी बाजाराशेजारी ठेवलेल्या ‘फायर जेम’चा उपयोग करावा. तो 2 सोन्याला मिळतो, हातात आला की 2 सोने देतो आणि तो खेळलेल्या कोणत्याही पाळीत त्याला खेळातून कायमचे बाद करून 3 हल्ला मिळवता येतो. टाकताना काहीतरी पदरात पडते, हे एकदा अनुभवले की लाल टोळीचे पत्ते नुसतेच जुने पत्ते का काढून टाकतात, हे वेगळे समजावावे लागत नाही.

एकाला दोघांनी घेरण्यावर उपाय सोपा आहे. आपल्या डावीकडच्या खेळाडूवरच हल्ला करायचा, असे ठरवून खेळावे. आत्यांच्या उजवीकडे बाबांना बसवले की प्रश्न मिटला.

पार्लेकरीण

बदामसात यांचे शिकवण्याविषयीचे म्हणणे मला पटते, परंतु शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. हल्ला एकाच दिशेने आला तरी तो हल्लाच असतो, आणि घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीला नातवंडांसमोर बाद करणारा खेळ कितीही चांगला असला तरी तो त्या बैठकीचा खेळ नव्हे. माझ्या सासूबाई ‘असेन्शन’ आनंदाने खेळतात. हा खेळ 2010 मध्ये आला. त्यातही अद्भुत जग आहे, राक्षस आहेत. मात्र मारायचे ते राक्षसांना, एकमेकांना नाही. मधोमध सहा पत्ते उघडे असतात, त्यांतले नायक विकत घ्यायचे किंवा राक्षस मारायचे आणि मानाचे गुण मिळवायचे. माणशी 30 याप्रमाणे ठेवलेला गुणांचा साठा संपला की डाव संपतो. शेवटपर्यंत सगळे खेळात राहतात, आणि साठा डोळ्यांसमोर आटत असल्यामुळे ‘अजून किती वेळ चालणार?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही.

त्याचा एक दोष सांगितला पाहिजे. मधले पत्ते सतत बदलत असल्यामुळे आपल्याला हवा असलेला पत्ता आपली पाळी येण्यापूर्वीच दुसरा उचलतो, आणि नियोजनाची आवड असलेल्यांना ते नशिबावर सोडल्यासारखे वाटते. अशांसाठी 2008 सालचे ‘डोमिनियन’, म्हणजे या प्रकाराला खऱ्या अर्थाने घराघरांत नेणारा खेळ, अधिक योग्य आहे. त्यात विकत घ्यायच्या दहा प्रकारच्या कारवाईच्या पत्त्यांच्या गड्ड्या सुरुवातीलाच समोर मांडलेल्या असतात आणि संपूर्ण डाव त्यांवरच चालतो. नाणी आणि गुणांचे नेहमीचे पत्ते सोडले तर बाबांना दहाच प्रकारचे पत्ते समजून घ्यावे लागतील, आणि तेही एकदाच. सुरुवातीला सात तांब्याची नाणी आणि तीन जहागिरी, म्हणजे गुणांचे पत्ते, असतात. पहिल्या दोन पाळ्यांत ती नाणी चार-तीन अशी येतात किंवा पाच-दोन अशी, आणि पाच-दोनची शक्यता सहांत एक असते. इतके आधीच माहीत असलेली सुरुवात हिशेबी माणसाला फार आवडते. मात्र त्यात राक्षस नाहीत, सरंजामी गावगाडा आहे. बाबांना ते चालेल, भाचीला चालेल का, हे आपणच ठरवावे.

किल्वरदुर्री

भाषेच्या अडचणीबद्दल दोन शब्द. पत्ते पारदर्शक पाकिटांत घालावेत आणि पाकिटात पत्त्याच्या खालच्या भागावर पातळ कागदाची पट्टी सरकवून तिच्यावर मराठीत लिहावे. संपूर्ण भाषांतर करू नये, ‘3 हल्ला. निळा जोडीला असल्यास 1 पत्ता उचला’ एवढे पुरते. आमच्याकडे हे काम मुलांनी सुट्टीत केले, आणि लिहिता लिहिता त्यांना सारे पत्ते पाठ झाले, ही त्यांची अन्यायकारक आघाडी अद्याप टिकून आहे. ‘हिरो रेल्म्स’चे पत्ते 63 बाय 88 मिलिमीटरचे आहेत, त्यामुळे त्या मापाची पाकिटे शोधावी लागत नाहीत. आणि गणपती म्हणजे भाद्रपद: मुंबईच्या दमट हवेत पाकिटांशिवायचे पत्ते बाक धरतात, पिसताना एकमेकांना चिकटतात, आणि एकदा कोपरा उघडला की तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो. आत्यांसारख्या रमीपटूला ती खूण दुसऱ्याच डावात लक्षात येईल.

बाबांच्या आक्षेपावर एक उत्तर सुचते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात 120 गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. मत्स्य, कूर्म, वराह आणि नरसिंह हातात धरून आपले पूर्वज डाव जिंकत होते, तेव्हा पत्त्यांवर अद्भुत चित्रे असणे ही काही परकी खोड नव्हे.

ठाकुरद्वार

सर्वांचे आभार. गंजिफाचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला. ‘ते देव आहेत, ही भुते आहेत’ असे उत्तर मिळाले, परंतु ते पत्ते हातात घेऊन बघत बसले आहेत. मराठी पट्ट्यांचे काम भाचीकडे सोपवतो. एक शंका उरते. मी आणि माझा मित्र हा खेळ बरेच दिवस खेळत आहोत. आत्यांना बरोबरीने खेळता यावे म्हणून त्यांना सुरुवातीलाच एखादा भारी पत्ता द्यावा का?

बदामसात

देऊ नये. सुरुवातीला दिलेला भारी पत्ता डावभर पुन्हा पुन्हा हातात येतो आणि त्याचा फायदा वाढत जातो, त्यामुळे जिंकल्या तरी तो पत्ता जिंकला असे आत्यांना वाटेल, आणि त्यांचा स्वभाव आपण वर्णन केला तसा असेल तर त्यांना ते मुळीच आवडणार नाही. त्याऐवजी जाणकारांनी आपले प्राण कमी ठेवून सुरुवात करावी, म्हणजे पन्नासऐवजी चाळीस. सर्वांचे कॅट सारखेच राहतात, शिकण्यात फरक पडत नाही, आणि आत्या दोन-तीनदा जिंकल्या की आकडा पुन्हा पन्नासवर न्यावा. आणि पार्लेकरीण यांच्या आक्षेपापुरते सांगतो: बाद झाल्यावर खेळाडूने उठून न जाता भाचीच्या शेजारी बसून तिचा कॅट खेळवावा, असा नियम आमच्या घरी आहे. चहा तोपर्यंत बाकीच्यांनी करावा.