मदत हवी आहे: पश्चिम ऑस्ट्रेलिया १९१४, मतदारसंघनिहाय मोजणी कुठे मिळेल?

शेतकऱ्यांच्या पक्षांवर लेख लिहितेय आणि २१ ऑक्टोबर १९१४ च्या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या विधानसभा निवडणुकीपाशी अडलेय. एकूण निकाल हाताशी आहे: ५० जागांपैकी लेबर २६ (१९११ मध्ये ३४ होत्या), लिबरल १६, आणि शेतकरी संघटनेतून १९१३ मध्ये निघालेली कंट्री पार्टी पहिल्याच फटक्यात ८. लेबरचे मुख्यमंत्री (प्रीमियर) स्कॅडन यांचं सरकार तरलं, पण एक आमदार फुटला की २५-२५!

माझं घोडं पुढे अडलंय. तिथे पसंतीक्रमाचं मतदान होतं: मतदार उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देतो, आणि कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचा उमेदवार बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीला देत फेऱ्या होतात. मग या ८ जागा पहिल्या पसंतीवरच आल्या, की लिबरल मतदारांच्या दुसऱ्या पसंतीवर? ट्रोव्हवर (ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ऑनलाइन संग्रह) जुनी वर्तमानपत्रं चाळली, पण निकालाच्या रकान्यांतली छपाई इतकी पुसट की ३ आणि ८ सारखेच दिसतात. विकिपीडिया पाहून झालाय. राज्याच्या राजधानीला, पर्थला, जाणं शक्य नाही. इंग्रजी चालेल, फुकट असेल तर उत्तम.

जाता जाता, 'कंट्री पार्टी'ला मराठीत काय म्हणू? 'शेतकरी पक्ष' लिहिलं की आपल्याकडे लगेच शेकाप आठवतो.

मुख्य प्रश्न मात्र तोच: फेरीनिहाय मोजणी कुठे बघायला मिळेल?